आवाजासकट खोली

— मोठ्यानं बोल, भाऊ. नाहीतर बोलूच नको, नुसती मान हलव, मला कळतं. मागचं हे कापसाचं जीन चालू असलं की इथं समोरासमोर बसून असंच बोलायचं — समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, बाकी काही पोचत नाही. मी बहिरी नाही हं. गल्लीतली पोरं बहिरी अक्का म्हणतात, म्हणू देत. दुपारी भोंगा झाला, जेवणाच्या सुट्टीला जीन थांबलं, की मला परसातली मांजर चाललेली ऐकू येते. तोवर मी बोलते, तू ऐक. माझा आवाज पोचतो ना? पोचणारच. जिनात बायकांच्या रांगेत बसून कापूस सारलेला, पट्टे डोक्यावर गरगरताहेत आणि शेजारणीला विचारायचं, भाजी काय केलीस — गळा तसाच होऊन जातो, मग घरात दोघं असली तरी बाई गावाला हाक मारल्यासारखी बोलते. बस. त्या घोंगडीवर बस, खाली गार आहे.

खोली ही अशी. खिडकी जिनाच्या भिंतीकडं, तिच्यातून उजेड येतो आणि कापसाचा भुगा येतो, सकाळी पुस्तकावर पांढरं बसलेलं असेल, फुंकर मारायची. अंथरूण तुझं तू आणायचं. पाणी मी भरते. जेवायला पुढं खानावळ आहे, माझ्या हातचं हवं असलं तर कळण्याची भाकरी आणि ठेचा, रोज तेच, तक्रार करायची नाही. आणि आवाज. आवाजाचं आधीच सांगते, कारण लोक खोली बघतात, हो म्हणतात आणि चार दिवसांनी तोंड वाकडं करून येतात — अक्का, झोप येत नाही. दिवाळी झाली की जीन सुरू होतं ते आखाजीपर्यंत, पार वैशाखापर्यंत. पहाटे भोंगा, मग धडधड, भिंतीला हात लावलास तर हातात येते. मडक्यातलं पाणीसुद्धा थरथरतं, बघ, जाऊन बघ. अभ्यासाला यापेक्षा चांगली खोली जळगावात नाही. हसू नको. खरं सांगते.

काय? — हे? तू याच्याकडं बोट दाखवतोयस म्हणजे तुला कोणीतरी सांगून पाठवलेलं दिसतंय. हा रेचा. बघितला नव्हतास कधी? कापूस पिकवणाऱ्यांतला ना तू? बरोबर आहे, आता कोणाच्या घरात राहिलाय. ही दोन दांडकी, एक लाकडाचं, एक लोखंडी, एकावर एक. इकडून कापूस सारायचा, ही मूठ फिरवायची, रुई पलीकडं जाते, सरकी अलीकडं पडते. जिनात जे होतं तेच, फक्त जिनात शंभर बायकांचं काम होतं आणि इथं माझं एकटीचं. पण पेरणीची सरकी शेतकरी अजून माझ्याकडंच मागतात. जिनातली फुटलेली असते, दहा गावची भेसळ असते, उगवली तर उगवली. माझ्याकडं ज्याचा कापूस त्याचीच सरकी. फैजपूरकडचे येतात, यावलचे येतात. त्यावर माझं चालतं, आणि या खोलीवर. मग तुला कोणी सांगितलं रेच्याचं? भटूनं? भटू म्हणून एक होता इथं, कंपाउंडरच्या परीक्षेचा, त्याला तर जिनाचा आवाजसुद्धा पुरायचा नाही, पावसाळ्यात जीन बंद झालं की दारात यायचा, अक्का, जरा फिरवा ना. मी फिरवायचे. मला काय, मी फिरवणारच असते. तो आत औषधांची नावं पाठ करायचा. — भटू नाही? मग कोण? — नाही, नाही, ओरडू नको, घशाला त्रास कशाला. भोंगा झाला की सांग.

तर तुला आवाजासकट खोली हवी. असंच ना? मान हलव. हां. जीन आहे तोवर जिनाचा, जीन बंद झालं की माझा. माझी ना नाही. मॅट्रिक ना तुझी? आधी बसलेला दिसतोस. मिशी आलीय म्हणून म्हणते, राग नको. एकदा राहिलास? दोनदा. असू दे. घर शांत असेल तुझं. बघ, मान हलली. मी ओळखलं की नाही? लोकांना वाटतं अभ्यासाला शांत जागा पाहिजे. पण शांत खोलीत माणसाला काय काय ऐकू येतं — शेजारच्यांचं भांडण, आपलंच पोट, बाप आत येरझारा घालतोय ते, आणि नापास झालो तर लोक काय बोलतील तेसुद्धा, त्यांनी तोंड उघडायच्या आधी. एकसारखा आवाज चालू असला की हे बठ्ठं त्याच्या खाली जातं. सगळं. सगळं म्हणायचं. मास्तरांनी माझं बठ्ठं काढून सगळं घातलं होतं, शे काढून आहे घातलं होतं, पण तोंडाला कधीतरी जुनं येतंच.

मास्तर म्हणजे आमचे. नोकरीवर आहेत. चोपड्याच्या बाजूला शाळेवर आहेत, तिकडं सातपुड्याच्या पायथ्याला, दिवाळीला येतात. ही खोली त्यांचीच. म्हणजे त्यांनी इथं अभ्यास केला, ह्याच खिडकीशी, पाय असे पोटाशी घेऊन. तेव्हा ते मास्तर नव्हते. जिनात तेल घालायचे. हातात नळीचा डबा, खांद्यावर फडकं, पट्टा जिथं जिथं करकरला तिथं जाऊन तेल सोडायचं. आणि मधल्या वेळात पट्ट्याखाली उकिडवं बसून पुस्तक. मुकादम ओरडायचा, पण तो ओरडला तरी ऐकू कोणाला येणार, तोच दमायचा. फायनलची परीक्षा द्यायची होती. फायनल झाली की शाळामास्तर होता यायचं तेव्हा, तलाठी होता यायचं, अंगाचा तेलाचा वास जायचा. मी त्यांच्याशी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं ऐकलं ते हेच — मी तेलवाला राहणार नाही. मला काही तेलाच्या वासाचं नव्हतं. माझ्या अंगाला सरकीचा वास, त्यांच्या अंगाला तेलाचा, दोन्ही एकाच जिनाचे. पण त्यांना होतं. माणसाला एकेक गोष्ट खुपते.

आता गंमत बघ. हिवाळाभर त्यांचा अभ्यास असा चालायचा की विचारू नको, आणि आखाजीला जीन बंद झालं की त्यांचं डोकं बंद. पावसाळ्यात पुस्तक मांडीवर आणि डोळे छपराकडं. एक ओळ वाचायचे, उठायचे, पाणी प्यायचे, बाहेर कोण बोलतंय बघायचे, परत तीच ओळ. मला वाटलं कोणाची नजर लागली. भगताकडं जाऊन आले, अंगारा लावला. एक दिवस मी माहेराहून आणलेला हा रेचा काढला, पेरणीची सरकी काढायची राहिली होती, आणि बसले फिरवत इथंच, दाराच्या या बाजूला. कर्र — कर्र — कर्र. थोड्या वेळानं बघते तर हे गृहस्थ पानामागून पान उलटताहेत. मी थांबले पाणी प्यायला, तर आतून, मान वर न करता — थांबू नको. लग्न झाल्यापासून माझ्याशी आपणहून बोललेलं बहुतेक तेच पहिलं. थांबू नको. मग मी कशाला थांबते.

घरचा संपला की मी शेजारणींकडून कापूस मागून आणायचे, तुमचा फुकट काढून देते म्हणायचे. बायका हसायच्या, म्हणायच्या हिला रेच्याचं वेड लागलं. हाताला घट्टे पडले. पण सांगते भाऊ, मला बरं वाटायचं. माझ्या हातात मूठ आणि त्यांच्या हातात पान, आणि माझी मूठ फिरली की त्यांचं पान उलटणार — ते मला फार बरं वाटायचं. एवढं बरं मला पुढं कशानंच वाटलं नाही. आता वाटत नाही म्हणजे वाईट वाटतं असं नव्हे. काहीच वाटत नाही. फिरवते, सरकी पडते.

परीक्षेला धुळ्याला जावं लागायचं. त्यांचं गाव धुळ्याकडचं, शाळेचा दाखला तिकडचा. ती पहिली लढाई चालली होती तेव्हाची गोष्ट, आता पुन्हा लागलीय म्हणतात. गेले, दोन दिवसांनी परत आले, शिदोरीचा डबा जागेवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, शेजारच्याचा टाक कागदावर खरडलेला ऐकू येत होता. मला काही कळेना. म्हणाले, मास्तराचे जोडे ऐकू येत होते, चिमणी कौलांत काड्या ठेवत होती ती ऐकू येत होती, माझं मला काही ऐकू येईना. बठ्ठं येत होतं — त्यांच्याही तोंडात तेव्हा बठ्ठंच असायचं — बठ्ठं येत होतं आणि एक अक्षर आलं नाही. कागद पांढरा देऊन आले होते. घरी त्याच रात्री मी रेचा फिरवायला बसले, आणि ते पडल्या पडल्या, भिंतीकडं तोंड करून, धड्यामागून धडा घडाघड म्हणत गेले. नद्या, डोंगर, राजे, व्याजाची उदाहरणं, सगळं. एक चूक नाही. मी मूठ फिरवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तेव्हा यायचं.

मग दुसऱ्या सालाला मीच म्हणाले, मी येते. ते म्हणाले, तू येऊन काय करशील? मी रेच्याकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. 

रेचा मांडीवर घेऊन आगगाडीत बसले. चाळीसगावला गाडी बदलताना हमाल म्हणतो, बाई, हे काय, पाळणा आहे का? म्हटलं हो. कापसाचं गाठोडं डोक्यावर. धुळ्याला शाळेच्या भिंतीला लागून एक घर होतं, माळ्याचं, तिथं भिकुबाई म्हणून म्हातारी एकटी राहायची. तिच्या ओट्यावर बसू का विचारलं. कशाला, म्हणाली. मी खरं ते सांगून टाकलं. तिनं ओट्यावरची टोपली बाजूला सारली, म्हणाली, बस बो, मले काय, मना ओटा काय झिजी जाणार शे? आत परीक्षा सुरू झाली तशी मी मूठ धरली. मधे शाळेचा शिपाई आला. बाई, बंद करा, आत पेपर चालू आहे. माझी मूठ थांबणारच होती. पण भिकुबाई उठून उभी राहिली, म्हणाली, मना ओटा शे, मनं काम शे, मी काय बी करसू, जाय, तुना साहेबले सांग. तो गेला. परत आला नाही. साहेबालाही वाटलं असेल, शेजारी आहेत, रोज असंच करकरत असेल.

ह्या बोटाकडं बघतोयस का? बघ, सगळ्यांचं लक्ष जातं. त्यातलंच ते. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. ह्यांची भीती गणिताची. म्हणून मी एकसारखं लावलं होतं, मधे श्वाससुद्धा नाही. कापूस सारता सारता माझी नजर भिंतीकडं गेली, आणि कापसाबरोबर बोट आत गेलं. मूठ उलटी फिरवली असती तर सुटलं असतं. पण उलटी फिरवायची म्हणजे आधी थांबायचं, आणि थांबू नको सांगितलेलं. आणि ओरडले असते तर आत ऐकू गेलं असतं, माझा आवाज ते ओळखतात. मग मी सुलटीच फिरवली. नख पुढं गेलं, रुईबरोबर. भिकुबाईनं बघितलं तेव्हा तिनंच मला धरलं, मी म्हणाले सोडा, अजून घंटा व्हायचीय. हळद आणून भरली तिनं, मी दुसऱ्या बोटांनी कापूस सारत राहिले. ती रुई लाल झाली होती ती तिनं चुलीत टाकली. घंटा झाली, हे बाहेर आले, तोंडावर असा उजेड, म्हणाले, सुटलं, सगळी उदाहरणं सुटली. माझा हात पदराखाली होता. मी म्हणाले, बरं झालं. घरी येईस्तोवर दाखवलं नाही. दाखवल्यावर म्हणाले, लक्ष कुठं होतं तुझं?

आता दुखत नाही. विंचू चावला तरी कळायचं नाही ह्या बोटाला. निखारा ठेवून बघितलाय.

पास झाले. होय, होय, पास झाले, पेढे वाटले गल्लीत, तेलाचा डबा जिनात नेऊन दिला. लगेच चोपड्याकडच्या एका गावात शाळा मिळाली. — काय म्हणतोस? गाव? गाव मी पाहिलेलं नाही. — नाव? मास्तरांचं नाव विचारतोस? अरे, नवऱ्याचं नाव कसं घेऊ, तोंडात उखाणा असल्याशिवाय. आणि उखाणे घ्यायचं वय गेलं. तूच जोड. चांदीला आमच्याकडं काय म्हणतात? आणि रात्री वर आभाळात काय असतं? दोन्ही एकत्र म्हण. झालं नाव. गल्लीतल्या बायकांनाही मी असंच सांगते. — का रे? काय झालं? घाम का फुटला? ह्या थंडीत? उन्हातून आलास, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. थांब, पाणी देते. बस, उठू नको. बस म्हणते ना. पी. खोली तुझीच आहे, दुसऱ्या कोणाला देत नाही मी, घाबरू नको. नुसते ओठ हलवतोस, मला काय कळणार? भोंगा होईलच आता.

तर म्हणत होते, दिवाळीला येतात. पहिल्या दिवाळीला आले होते. धोतर पांढरं, कोट, खिशाला टाक. बोलणं सगळं पुस्तकातलं. इथं खिडकीशी बसले आणि मी आपली कौतुकानं रेचा ओढला, म्हटलं ह्यांना बरं वाटेल. दोन फेरे झाले नसतील, म्हणाले, बंद कर ते. मला वाटलं दमले असतील गाडीनं. संध्याकाळी परत लावला. तर उठून बाहेर गेले. रात्री म्हणाले, तो आवाज ऐकला की मला ती परीक्षेची खोली दिसते, तळहाताला घाम येतो, तो पांढरा कागद दिसतो. तुझं बोलणंही मोठं आहे, म्हणाले. शाळेच्या आवारात बायका असं बोलत नाहीत. मी म्हटलं, हळू बोलायला शिकेन. मी शिकतही होते, जीन बंद झालं की मडक्यापाशी बसून हळू बोलून बघायचे, आहे, सगळं, नाही. निघताना म्हणाले, आता मला शांतता लागते. गावात जागा मिळाली की बोलावतो.

जागा मिळत नसेल. खेडं आहे, तिथं भाड्यानं कोण खोली देणार, शाळेच्याच पडवीत राहत असतील. असं मी बायकांना सांगते. कळतं मला, बायकांना खोटं वाटतं ते. त्या मला विचारत नाहीत, मी त्यांना सांगत नाही, दिवाळीला मी दारात रांगोळी काढते, चुलीवर दोन माणसांचं करते, मग गाईला घालते. चोपडा काही विलायतेला नाही. टांगे जातात, आता तर मोटार जाते म्हणे. जाऊन बघता आलं असतं. पण मी जायची म्हणजे मोठ्यानंच बोलणार ना तिथं जाऊन, दुसरं येतं काय मला. आणि तिथं दार उघडायला कोण आलं तर? — म्हणून नाही गेले. पहिल्यांदा वाटायचं फार. रात्र रात्र वाटायचं. मग ते बोटासारखं झालं. कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, रेचा फिरवते. कोणी शिकणारा आला की त्याच्यासाठी फिरवते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही हं, भटूलाही नाही. तू ऐकतोयस म्हणून म्हणा, किंवा तुला मधे बोलता येत नाही म्हणून म्हणा. खाली काय बघतोस एवढं? वर बघ. कोणासारखा तरी दिसतोस तू. मघाचपासून म्हणते आहे मनात. पाय पोटाशी घेऊन बसलास ना, तेव्हा —

झाला भोंगा.

थांब, बोलू नको लगेच. जीन बंद होतं तरी माझ्या कानात थोडा वेळ चालूच राहतं. — हं. — हं, गेलं. मडक्यातलं पाणी बघ, थांबलं. आता बोल. हळू बोल, इथं आता ओरडायचं काम नाही. कोणी पाठवलं तुला?

वडिलांनी पाठवलं म्हणतोस.

वडिलांचं नाव काय?

पुन्हा सांग. — पूर्ण सांग, त्यांच्या बापाच्या नावासकट. झुलाल. हो. झुलाल माझ्या सासऱ्यांचंच. लग्नात मी त्यांच्या पाया पडले होते, डोळ्यांनी अधू होते. — रडू नको. तुला माहीत नव्हतं, कसं असणार. आणि माझ्या तोंडून ते नाव यायचं नाही, म्हणून तुलाही आधी कळलं नाही. कोणाचा दोष नाही. मोठा आहेस ना तू घरात? सगळ्यात मोठा. म्हणजे त्याच दिवाळीनंतर. — राहू दे, वय सांगू नको, मिशी दिसतेय मला. आईचं नाव — नको, सांगू नको.

एवढंच सांग. ती आवाज करते का घरात? नाही? — भांडं वाजलेलं चालत नाही त्यांना. बिजागरीला चिंधी बांधलीय. पोरांनी अंगणातसुद्धा हळू हसायचं. आणि त्या शांत घरात तू दोनदा राहिलास, मग त्यांना आठवलं, अभ्यास कुठं होतो ते. — काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग, तुझे नको. — ‘जिनामागं कडुनिंबाजवळ घर आहे, तिथं एक बाई रेचा फिरवते. तिला फिरवायला सांग.’

एक बाई.

आणि? — आणि काही नाही. ती जिवंत आहे का, बघ, असंही नाही? — नाही. बरं.

असू दे. मला काही झालेलं नाही.    डोळे पूस आणि ऐक, जीन सुरू झालं की पुन्हा ओरडावं लागेल, आणि हे ओरडून सांगायचं नाही. खोली घे. सामान घेऊन ये. पाणी भरीन, भाकरी देईन, तुझ्यावर माझा काही राग नाही. जिनाचा आवाज आहे तो आखाजीपर्यंत ऐक, तो कोणाच्याच हातातला नाही. पण रेचा मिळायचा नाही. जीन बंद झालं की शांततेतच वाचायला शिक, डोकं दुखलं तरी शिक. परीक्षेच्या भिंतीबाहेर तुझ्यासाठी कोणी बसायचं नाही. पुढं लग्न होईल तुझं, एखादी बिचारी म्हणेल, मी येऊन बसते — बसू देऊ नको तिला. कळलं? मान हलवून नको. आता ऐकू येतंय मला. हो म्हण.

हं.

ही मूठ घे. ओढली की निघते, बघ, खुंटी आहे फक्त. घरी गेलास की बापाच्या हातात दे. म्हणावं, बाईनं दिली. म्हणावं, एका हातानं कापूस सारायचा, दुसऱ्या हातानं हिला फिरवायचं, मधे थांबायचं नाही. म्हणावं, बोट सांभाळा.

जाय आते. भोंगा होई. जाय, भाऊ.